रुंद पायाचे बूट

“काकांचा पायच रुंद आहे, त्याला आम्ही तरी काय करणार?” जळगावातल्या एका बुटांच्या दुकानात कामाला असलेला पोरगा एवढं बोलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोलण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. नऊ नंबरचा बूट दादाच्या पायात शिरला होता, पण करंगळीशी कापड ताणून फुगलं होतं. दहा नंबर आणला तर दर पावलाला टाच वर यायची आणि चपक् चपक् आवाज व्हायचा. पोरानं पुढून अंगठ्यानं दाबून पाहिलं, ‘वापरून वापरून सैल होतो’ म्हणाला, मग ‘दहाच घ्या, आत एक जास्तीचा सोल टाकून देतो’ म्हणाला, आणि शेवटी ते वाक्य. माझा थोरला भाऊ साठीला आलेला. गावात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्यानं ते ऐकलं, दोन्ही पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले आणि चपला शोधत म्हणाला, “राहू दे भाऊ, चप्पलवर भागी जाई मनं.”

बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर बसलो. दादा केळीच्या भावाचं बोलत होता, रावेरला काय निघाला, आपल्याकडे व्यापारी किती पाडून मागतो. मी हूं हूं करत होतो, पण डोळ्यांपुढे बाकाखाली गेलेले ते पाय होते. त्या पोराला बोल लावावा असं काही नव्हतं. त्याच्या फळीवर नऊ होता आणि दहा होता. नऊच, पण रुंदीला जास्त, असा बूट जगात असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. फळीवर जे नाही त्याचं खापर मग पायावर फुटलं.

पाय मात्र इतकी वर्षं बिनतक्रार चालत आला होता.

बूट हवे होते ते गडावर जाण्यासाठी. आमच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. चैत्र लागला की खान्देशातून वणीच्या वाटेला माणसांची रांग लागते. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी, आणि मग सप्तशृंगीमायचा डोंगर. ऊन चाळिशीच्या वर, डांबर तापलेलं, हातात झेंडे, पुढे ट्रॅक्टरवर लावलेला भोंगा. आमची माय उमेदीत होती तोवर अनवाणी जायची. परत आली की तिच्या तळपायांना वहिनी खोबरेल तेल लावायची आणि माय डोळे मिटून पडायची. त्या पायांवरचे फोड मला लहानपणी भीतीदायकही वाटायचे आणि त्यांचा अभिमानही वाटायचा. दादाच्या मनात बरीच वर्षं होतं की एकदा तरी मायच्या वाटेनं जायचं. पण त्याला शुगर निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा तो धागा. टेकला की ‘हो’ म्हणायचं. दादा काही ठिकाणी ‘हो’ म्हणालाच नाही. मी समोर उभा होतो, धागा टेकलेला मला दिसत होता, आणि तो शांत बसलेला. डॉक्टरांनी मग सरळ सांगितलं की अनवाणी चालायचं नाही, चटका बसला तरी कळणार नाही. घट्ट बूटही नको, कारण बूट चावला तरी कळणार नाही. साध्या माणसाला चावणारा बूट दोन तासांत काढून फेकावासा वाटतो. दादाला तो दिवसभर घालता येईल आणि संध्याकाळी मोजा काढल्यावरच रक्त दिसेल.

“माय ते अनवानी जाये, आन मी बूट घालीसन जाऊ?” हा त्याचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एवढंच ठरलं की जायचं तर पायाला नीट बूट बघून जायचं.

आमचं गाव तापीच्या काठी, चोपडा तालुक्यात. जमीन काळी, भारी, कपाशीची. पहिला पाऊस पडून गेल्यावर त्या शेतात पाय टाकला की चार पावलांत तळव्याला मातीचा थर चढतो, आठ पावलांत पाय उचलेनासा होतो. या गाऱ्यात बोटं फाकवल्याशिवाय उभंच राहता येत नाही. आबा वखर हाकायचे तेव्हा दोन्ही पाय वखरावर टाकून उभे राहायचे. बैल ओढतायत, खाली ढेकळं फुटतायत, आणि आबांची दहाही बोटं लाकडाला घट्ट धरून आहेत. चऱ्हाट वळताना दोरीचं एक टोक अंगठ्यात. झाडावर चढताना पहिला आधार अंगठ्याचा. असल्या पायाची बोटं एकमेकांना चिकटून कशी राहतील? आबांच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात सहज एक बोट जाईल इतकी जागा होती. दादाचे पाय तसेच. माझेही बरेचसे तसेच, मी खुर्चीत बसून नोकरी केली तरी. लहानपणी जे घडायचं ते घडून गेलेलं असतं.

आबांच्या वहाणा गावातच शिवल्या जायच्या. शिवणारे बाबा वस्तीच्या कडेला लिंबाखाली बसत. शेजारी पाण्याचं कुंडं, त्यात भिजत घातलेलं कातडं, आणि तो उग्र वास. लांबूनही कळायचं की बाबा आज बसलेत. ते आबांना जुन्या वर्तमानपत्रावर उभं करायचे आणि कोळशाच्या तुकड्यानं पायाभोवती रेघ मारायचे. एका पायावर भार देऊन कुणी उभा राहिला तर चालायचं नाही. दोन्ही पायांवर सारखं अंग टाकायला लावायचे, कारण भार पडला की पाय पसरतो आणि पसरलेला पाय हाच खरा पाय. डाव्याची रेघ वेगळी, उजव्याची वेगळी. आबांचा उजवा पाय जरा मोठा होता, तर उजवी वहाण मोठी व्हायची. रापीनं कातडं कापताना बाबा रेघेच्या थोडं बाहेरून कापत, आरीनं भोकं पाडत, आणि वहाण तयार झाली की तेल पाजून दोन दिवस ठेवून देत. त्यांच्याकडे नंबर नव्हताच. आबांचा पाय रुंद आहे असं ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. तुलना करायला त्यांच्याजवळ दुसरा कुठला पाय होता? ज्याचा पाय त्याचं माप.

मग आम्ही शाळेत गेलो आणि पांढरे कॅनव्हासचे बूट आले. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री खडूची पूड ओली करून फासलेले. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांचे बूट एकाच जागी फाटायचे, करंगळीच्या बाजूला, जिथं कापड रबराला चिकटवलेलं असतं तिथं. आधी शिवण उसवायची, मग एक छोटं भोक, मग दिवाळीपर्यंत करंगळी बाहेर. मास्तर म्हणायचे, बूट नीट वापरत जा. घरी म्हणायचे, पोराला वस्तू टिकत नाही. पुढच्या वर्षी एक नंबर मोठा आणला जायचा. ‘वाढता पाय आहे’ म्हणून बोटांपुढे कापूस कोंबायचा, आणि दिवाळीला तो पुन्हा तिथंच फाटायचा. इतक्या पोरांचे इतके बूट एकाच जागी फाटत होते, तर बुटाचा आकार आणि पायाचा आकार यांचं कुठंतरी जुळत नव्हतं हे उघड आहे. तेव्हा तसा विचार करायची रीत नव्हती. बूट शहरातून आलेला, छापील नंबर असलेला, तो कसा चुकेल?

दुकानातून आल्यावर मी या नंबरांच्या मागे लागलो. आपल्याकडे चालणारे सात, आठ, नऊ हे नंबर इंग्रजांचे. त्यांनी ते जवाच्या दाण्यावरून बांधले. तीन दाणे लांबीनं मांडले की एक इंच, आणि नंबर एकनं वाढला की बूट एका दाण्यानं लांब, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. या मापात पायाची फक्त लांबी आहे. बूट ज्या साच्यावर ओढून बनवतात, ज्याला चांभारकामात कलबूत म्हणतात, तो कलबूत नंबराबरोबर रुंदीलाही वाढतो, पण अगदी थोडा, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. म्हणजे दादाच्या करंगळीला बोटाची पेर मावेल एवढी जागा हवी असताना दुकानदार त्याला पुढं साडेआठ मिलिमीटर पोकळी देतो आणि बाजूला किंचित सैलपणा. करंगळी तशीच दाबलेली, आणि पुढे रिकामी जागा, जिथं पाय घसरत जाऊन आपटतो.

आणखी एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, आणि कळल्यावर फार पटली. चालताना पाय एका ठरावीक जागी वाकतो, बोटांच्या मुळाशी, जिथं चवडा सर्वांत रुंद असतो तिथं. बूटही त्याच जागी वाकेल असा बनवलेला असतो. रुंदीसाठी लांब बूट घेतला की बुटाची वाकायची जागा पुढे जाते आणि पायाची मागे राहते. दर पावलाला पाय एकीकडे वाकायला बघतो, बूट दुसरीकडे. दुकानात चार पावलं चालताना हे जाणवत नाही. धुळ्यापासून गडापर्यंतच्या वाटेवर पोटऱ्यांना, टाचेला आणि चवड्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसानं १९२०च्या दशकात पाय मोजायची एक धातूची पट्टी तयार केली. तिच्यात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या त्या हाडापर्यंतचं अंतर अशी तीनही मापं घेता येतात. त्याचे वडील बुटांच्या धंद्यात होते. तिकडे ही पट्टी दुकानांतून रुळली. आमच्याकडे बुटाच्या दुकानात पाय मोजायला कुणी खाली वाकलेलं मी पाहिलेलं नाही. ‘कितीचा येतो?’ एवढंच विचारतात, आणि आपण लहानपणापासून पाठ असलेला आकडा सांगतो.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर पाय मोजले. ७९ ठिकाणं, १,०१,८८० माणसं, आणि पायाचा तिन्ही बाजूंनी आकार टिपणारी यंत्रं. त्यातून निघालं ते असं की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत, आणि रुंदी मिळावी म्हणून आपण लांबीनं मोठे बूट घालत आलो आहोत. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तरी मी दादाला फोन लावला. “एक लाखावर लोकांचे पाय मोजले दादा, आपल्यासारखेच निघाले.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, “मंग बूट काबर तसा बनावतंस नही?”

हा प्रश्न कारखानदारांनीच घ्यायचा आहे. मी फक्त त्याच्या पायापुरतं बघू शकत होतो.

रुंद बूट मिळतात, पण ते शोधावे लागतात, हे पुढच्या आठवड्यात कळलं. परदेशी कंपन्यांच्या धावण्या-चालण्याच्या बुटांत रुंदीला अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटात ‘डी’ म्हणजे नेहमीची रुंदी, ‘२ई’ म्हणजे रुंद, ‘४ई’ म्हणजे जास्त रुंद. न्यू बॅलन्स आणि आसिक्सच्या काही बुटांत हे प्रकार येतात. अक्षर खोक्यावरच्या चिठ्ठीवर किंवा बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला नंबराशेजारी छापलेलं असतं. काही कंपन्या नुसतं ‘वाइड’ आणि ‘एक्स्ट्रा वाइड’ लिहितात, आणि एका कंपनीचा वाइड दुसरीच्या वाइडएवढा असेलच असं नाही. आणखी एक फरक बघायला शिकलो. काही रुंद बुटांत वरचं कापडच तेवढं ऐसपैस असतं, खालचा तळ नेहमीएवढाच अरुंद. असा बूट घालताना सैल वाटतो, पण चवड्याची कड तळाच्या बाहेर लोंबते आणि चालताना पाय बाहेरच्या बाजूला कलतो. चांगल्या रुंद बुटात तळही रुंद असतो. बूट उलटा करून तळाचा आकार पायाच्या कागदाशी ताडून पाहावा.

पायाचा कागद आम्ही गावी ओट्यावर केला. मुद्दाम संध्याकाळी, दादा शेतातून आल्यावर. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, सकाळचं आणि संध्याकाळचं माप वेगळं येतं, आणि बूट तर सुजलेल्या पायालाच घालायचा आहे. दादा पाय धुऊन आला, जाड मोजे घातले, आणि कागदावर उभा राहिला. पुतण्यानं पेन्सिल उभी धरून रेघ मारली. तिरपी धरली तर पेन्सिल पायाखाली शिरते आणि माप कमी येतं. दोन्ही पायांचे कागद झाले. लांबी २७ सेंटीमीटरला थोडी जास्त, रुंदी ११च्या वर. लांबीच्या हिशेबानं दादाचा नंबर साडेआठच्या आसपास निघाला. जन्मभर नऊ आणि दहा सांगत आलेला माणूस! शेजारचे दोघं-तिघं जमले होते, त्यांनीही आपापले पाय कागदावर ठेवून पाहिले. वहिनी दारातून म्हणाली, “आते मना भी मोजा.” तिचाही मोजला. तिच्या चपलांचं पुढे कधीतरी लिहीन, तो विषय याहून मोठा आहे.

मोबाइलवरून साडेआठ नंबरचे दोन जोड मागवले, एक २ई आणि एक ४ई, परत करता येतील असे. दादाला ही कल्पनाच पटत नव्हती. घालून बघितलेली वस्तू परत कशी करायची? घरातच फरशीवर घालून बघायची, मळवायची नाही, असं समजावलं तेव्हा कुठं तयार झाला. बुटाच्या आतला सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर दादाला उभं केलं. ही पारख मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कुठल्याही दुकानात करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. पाय सुखतळ्याच्या कडेबाहेर गेला तर बूट अरुंद, मग दुकानदार काहीही सांगो. २ईच्या सुखतळ्यावर करंगळी निम्मी बाहेर होती. ४ईवर पूर्ण पाय आत, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. (सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं धरू नये. आमच्या घरात निम्म्यांचं शेजारचं बोट लांब आहे.) मग बूट घालून बांधला. टाच धरून राहते की नाही ते पाहिलं. चवड्याला रुंद असलेला पाय टाचेला अनेकदा बारीकच असतो, म्हणून रुंद बुटात टाच सुटायची भीती असते. त्यासाठी सगळ्यांत वर घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ज्याकडे आपण कधी बघत नाही. नाडी त्या भोकातून त्याच बाजूला आत घेऊन छोटा फास करायचा, समोरची नाडी त्या फासातून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच जागेवर बसते. आणि चवड्यावर ताण वाटत असेल तर पुढच्या एक-दोन भोकांत नाडी आडवी न टाकता सरळ वर न्यायची. दादा फरशीवर दारापासून देव्हाऱ्यापर्यंत गेला, आला, पुन्हा गेला. बोटं आत हलवून पाहिली. बुटाच्या जाळीवरून ती हललेली दिसत होती.

“आते पाय मोकया वाटस,” तो म्हणाला.

किंमत ऐकून मात्र तो खाली बसला. दादा कुठलीही किंमत कपाशीत मोजतो. “म्हंजे एक क्विंटल कपाशी पायमान!” त्याचं चुकत नव्हतं. एक क्विंटल कपाशी म्हणजे काय, हे नांगरटीपासून वेचणीपर्यंत मी पाहिलेलं आहे. त्यातली बोंडअळी, फवारणी, वेचणाऱ्या बायांची बोटं, सगळं त्या आकड्यात असतं. ते पैसे मी दिले याचं मला समाधान वाटलं, आणि त्याच वेळी हेही सलत राहिलं की आमच्या भागात ज्याचा पाय सर्वांत रुंद त्याच्याच खिशात एवढे पैसे नसतात. बाराशे-पंधराशेत बघायचं असेल तर काय करावं, हे नंतर गावातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. मला जे कळलं ते सांगितलं. पुढचा भाग निमुळता नको, गोल किंवा चौकोनी हवा. वरचं कापड मऊ विणीचं घ्यावं. करंगळीच्या जागी रबराची किंवा रेक्झिनची पट्टी चिकटवलेली नसावी, ती पट्टी ताणत नाही. ‘वापरून सैल होईल’ हे कातड्याला लागू पडतं, या कृत्रिम पट्ट्यांना फारसं नाही. आतला सुखतळा जाड असेल तर पातळ टाकून थोडी जागा निघते. आणि काहीच जमलं नाही तर पट्टे सैल-घट्ट करता येणारा सँडल मोज्यावर घालावा, साध्या माणसाला तो घट्ट बुटापेक्षा परवडला. शुगरवाल्यानं मात्र उघड्या बोटांचा सँडल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये, खडा शिरला तरी कळत नाही.

नवे बूट घालून थेट यात्रेला निघू नये, म्हणून दादा आधी पाटचारीच्या कडेनं चालू लागला. पहिल्यांदा मारुतीच्या देवळापर्यंत, मग फाट्यापर्यंत, मग तापीच्या पुलापर्यंत. रोज रात्री वहिनी मोबाइलची बॅटरी लावून त्याचे तळवे बघायची, बोटांच्या बेचक्यांतही. कुठं लाल दिसलं की दुसऱ्या दिवशी चालणं बंद. त्या महिन्यात ती दोघं जितकी एकत्र बसली तितकी एरवी कधी बसली नसतील, असं मला वाटतं. मी रविवारी जाऊन पाहायचो. पांढऱ्या धोतराखाली राखाडी रंगाचे ते ऐसपैस बूट गावाला आधी विचित्र वाटले, मग सवयीचे झाले.

चैत्रात तो निघाला. पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, दुपारी झाडाखाली किंवा एखाद्या गावच्या देवळात पडायचं. वाटेवर लोक ताक देतात, पाणी देतात, पायाला मलम लावायला डॉक्टर आणि पोरं बसलेली असतात. मालेगावच्या पुढून त्याचा फोन आला. पाय बरेच सुजलेत, पुढची नाडी आणखी एक भोक सोडून बांधलीय, फोड नाही. बरोबरचे काही जण मागे राहिलेत, एकाचा अंगठा पूर्ण सोललाय, त्याला टेम्पोत बसवलं. मग बराच वेळ तो त्या माणसाबद्दलच बोलत राहिला. गडावर पायऱ्यांच्या खाली बूट काढावेच लागले. डॉक्टरांचं ऐकून त्यानं दोन जाड मोजे एकावर एक घातले आणि पहाटे, दगड थंड असताना वर गेला. मायसारखं अनवाणी नाही झालं याची रुखरुख त्याला आहे. ती त्यानं मला स्पष्ट सांगितली. मी ती घालवायचा प्रयत्न केला नाही.

या सगळ्यात जिच्याकडे आमचं लक्ष नव्हतं ती गोष्ट पुतण्यामुळे पुढे आली. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या तालुक्यात पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर गेलात तर ही पोरं पळताना दिसतील, १६०० मीटरसाठी घड्याळ लावून. दादाच्या पायाचा कागद करताना त्यानंच रेघ मारली होती, पण स्वतःचा पाय ठेवला नव्हता. नंतर एकदा मोजे काढले तेव्हा दिसलं की त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. विचारलं तर म्हणाला, “सगळ्यांचंच पडतं काका, पळणाऱ्याचं पडतंच.” मैदानावर गेलो. खरंच, बऱ्याच जणांची नखं काळी होती. आणि बहुतेकांचे बूट एक नंबरनं मोठे, कारण खरा नंबर बाजूनं घट्ट होतो. पळताना पाय पुढच्या पोकळीत घसरतो आणि नख दर पावलाला आपटतं. उताराला तर फारच.

आता ती पोरं सकाळचं पळणं झालं की ग्राउंडवरच वहीचे कागद फाडून एकमेकांचे पाय आखतात. एकानं मोजून यादी केली आहे, नाव, लांबी, डावा, उजवा, रुंदी. ज्यांची मापं सारखी ती पोरं मिळून एकच जोड मागवतात, आळीपाळीनं घालून पाहतात, आणि बसला तरच बाकीचे मागवतात. पैशाची सोय कुणी केळीच्या बागेत कामाला जाऊन करतोय, कुणी घरी मागतोय. पुतण्याला एक नंबर लहान आणि रुंदीला २ई बसला. काळं नख निघून गेलंय, खालून नवं येतंय. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं म्हणतात. भरतीची जाहिरात अजून निघायची आहे, आणि तो रोज पहाटे पळतोय.